दोन महिन्यांचं काम

आमच्या घरात ‘दोन महिन्यांचं काम आहे’ हे वाक्य उच्चारायला बंदी आहे. एका कंत्राटदारानं आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेप लावत ते उच्चारलं होतं, आणि त्यानंतर दीड वर्षं आम्ही बेडरूममध्ये ड्रेसिंग टेबलावर कुकर लावत होतो. कुकरच्या तीन शिट्ट्या आरशात बघत मोजायच्या, हा अनुभव फार थोड्या माणसांच्या वाट्याला येतो.

त्यामुळे अमेरिकेतल्या दोन भावांनी ऑक्टोबर २००२ मध्ये दोन महिन्यांचं म्हणून एक काम हातात घेतलं आणि ते अजून चालू आहे, असं भाच्यानं सांगितलं तेव्हा मला घरचंच कोणी भेटल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की या भावांवर कोणी वैतागलेलं नाही. उलट लोक त्यांना पैसे पाठवतात आणि वर म्हणतात, सावकाश होऊ द्या.

थोरला झॅक ॲडम्स, धाकटा टार्न ॲडम्स. कंपनीचं नाव बे ट्वेल्व्ह गेम्स, आणि व्हिडिओ गेमचं नाव ड्वार्फ फोर्ट्रेस, म्हणजे बुटक्यांचा किल्ला. कंपनी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काचेची इमारत, गळ्यातली ओळखपत्रं आणि फुकटची कॉफी येते. इथे वॉशिंग्टन राज्यातल्या सिल्व्हरडेल नावाच्या गावात धाकट्याचा फ्लॅट होता, फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर होता आणि स्कॅम्प्स नावाची मांजर होती. मनुष्यबळ विभाग मांजरीकडे असावा, कारण पुढे या कंपनीचा सगळ्यात गाजलेला घोटाळा मांजरांचाच निघाला. त्याकडे येतोच.

दोघांना लहानपणापासून गेम लिहायचा नाद. वडील सांडपाणी प्रक्रिया केंद्रात आकडेवारी सांभाळायचे; त्यांनीच टार्नला प्रोग्रॅमिंग शिकवलं. शाळकरी वयातच भावांनी ड्रॅगन मारायचा एक गेम लिहिला. असल्याच एका जुन्या खटपटीत मारामारीनंतर माणसाचे हात किती शिल्लक आहेत हे मोजायला टार्ननं एक व्हेरिएबल ठेवलं होतं : आर्म-ओके. मराठीत सांगायचं तर ‘हात ठीक’. पुढे त्यांना आपल्या काल्पनिक विश्वासाठी एक रक्तपिपासू देव हवा होता, तेव्हा त्यांनी त्याचं नाव ठेवलं आर्मोक. जगात कितीतरी देवांच्या नावांची व्युत्पत्ती सांगताना पंडितांची दातखीळ बसते. या देवाची व्युत्पत्ती एका ओळीत सांगता येते, आणि ती हाडवैद्याच्या चिठ्ठीसारखी वाचता येते.

या आर्मोकच्या नावानं त्यांचा एक मोठा, त्रिमितीय, भव्य गेम चालू होता. तो काही उरकेना. मध्ये जरा विरंगुळा म्हणून टार्ननं बुटक्यांचा एक छोटा गेम काढला. दोन महिन्यांत संपवू आणि मूळ कामाकडे परत येऊ, असा बेत होता. २००४ पर्यंत मूळ काम माळ्यावर गेलं आणि विरंगुळा हॉलमध्ये येऊन बसला.

हे सगळं चालू असताना धाकटा रिकामा बसलेला नव्हता. तो स्टॅनफर्ड विद्यापीठात गणितात पीएचडी करत होता. २००५ मध्ये ती मिळाली. प्रबंधाचा विषय, बानाख अवकाशांमधल्या सपाट साखळ्या. मी हा विषय समजून घ्यायचा प्रयत्न केला आणि अर्ध्या तासात माझ्याच साखळ्या सपाट झाल्या. मग टेक्सास ए अँड एम विद्यापीठात पीएचडीनंतरच्या संशोधनाची नोकरी लागली, आणि ती त्यानं वर्षाच्या आतच सोडली. गेम करण्यासाठी. जो गेम तो फुकट वाटणार होता.

ही बातमी आपल्याकडच्या एखाद्या घरात पोचली असती तर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही. वाचकांपैकी प्रत्येकाला एक मामा आहेच. मी फक्त विवाह मंडळाचा फॉर्म डोळ्यांसमोर आणून पाहिला. शिक्षण : स्टॅनफर्ड, पीएचडी. नोकरी : होती. व्यवसाय : बुटके. उत्पन्न : लोक देतील ते. अपेक्षा : मुलीला मांजर आवडावी.

‘लोक देतील ते’ ही अतिशयोक्ती नाही. ८ ऑगस्ट २००६ रोजी गेमची पहिली आवृत्ती सगळ्यांसाठी खुली झाली, फुकट, आणि सोबत वर्गणीची सोय. आपल्याकडे वर्गणी दिली की पावती मिळते आणि मंडळाच्या फलकावर चुकीच्या स्पेलिंगात नाव लागतं. इथे वर्गणीदाराला दोन्ही भावांपैकी कोणीतरी क्रेयॉननं काढलेलं चित्र किंवा खास त्याच्यासाठी लिहिलेली छोटी गोष्ट यायची. गणिताचा डॉक्टर रंगीत खडूंनी चित्रं रंगवतोय आणि पोस्टात टाकतोय, हे दृश्य मला कुठल्याही स्टार्टअपच्या भाषणापेक्षा जास्त धीर देणारं वाटतं.

आता हा गेम आहे काय? भाच्यानं मला तो लावून दिला आणि स्वतः क्रिकेट खेळायला गेला. भाचा गेला खेळायला आणि मामा बसला कॉम्प्युटरसमोर, हा काळाचा महिमा. पडद्यावर उघडलं ते पाहून बायको मागून म्हणाली, “अहो, बिघडला वाटतं हा.” काळ्या पडद्यावर रंगीबेरंगी अक्षरं, स्वल्पविराम, बेरजेची चिन्हं, टक्के, अर्धविराम. टाइपरायटरला ताप चढावा तसं. या गेमला जवळजवळ सोळा वर्षं चित्रंच नव्हती. इंग्रजी छोटा सी म्हणजे मांजर. छोटा डी म्हणजे कुत्रा. मोठा डी म्हणजे ड्रॅगन. म्हणजे ‘शिफ्ट’ची कळ दाबली की नाही यावर तुम्ही पाळायचं की पळायचं हे ठरतं. बुटका म्हणजे एक हसरा चेहरा. तो उपाशी असला तरी हसराच, मेलेल्या भावाशेजारी उभा असला तरी हसराच. सरकारी जाहिरातीतल्या शेतकऱ्यासारखा.

सुरुवातीला सात बुटके एका गाड्यावर सामान लादून ओसाड जागी येतात. सात म्हटल्यावर मी हिमगौरीची वाट पाहिली. ती आली नाही. हत्ती आला. तुम्ही बुटक्यांना थेट हलवू शकत नाही. फक्त कामं सांगू शकता. इथे खणा, तिथे अळंबी लावा, इकडे दारू गाळा. ते त्यांच्या सवडीनं करतात किंवा करत नाहीत. दारू गाळणं महत्त्वाचं, कारण दिवसभर काम निभावून न्यायला यांना दारू लागते, आणि हे गेमच त्यांच्या माहितीत लिहून देतो. दारू संपली की काम मंदावतं. ओट्याच्या त्या दीड वर्षाचा मला पहिल्यांदाच उलगडा झाला.

पण हे सगळं वरवरचं. गेम सुरू होण्याआधी कॉम्प्युटर तुमच्यासाठी एक अख्खं जग बनवतो. डोंगर, नद्या, पाऊस कुठे पडेल, आणि मग त्या जगाचा शेकडो वर्षांचा इतिहास : कोणतं राज्य कोणी बुडवलं, कोणत्या राक्षसानं कोणाचा हात तोडला, कोणाची मुलं कुठे गेली. तुम्ही नुसते बघत बसायचं. मराठी माणसाला हे आवडायला हरकत नाही; वर्तमानाला हात घालण्याआधी तीनशे वर्षांचा इतिहास झाल्याशिवाय आपल्याकडेही सभा सुरू होत नाही. मग प्रत्येक प्राण्याचं शरीर : कातडी, चरबी, स्नायू, मज्जातंतू, एकेक बोट, एकेक दात. प्रत्येक धातूचा वितळणबिंदू. डोळे साफ करायला पापण्या. कोणी मागितल्या होत्या पापण्या? कोणीच नाही. पडद्यावर तो प्राणी म्हणजे एक अक्षर आहे. अक्षराला पापण्या!

झॅकचा वाटा गोष्टींचा. त्याचा ओढा प्राचीन इतिहासाकडे. तो काल्पनिक कथा लिहितो, मग दोघे बसून तिची चिरफाड करतात. गोष्टीत हे घडलं. हे आपल्या गेममध्ये आपोआप घडायचं असेल तर काय काय लागेल? कथेत एखादा सूड असेल तर गेमला आधी नातं कळलं पाहिजे, नात्याला आठवण पाहिजे, आठवणीला राग. अशी यादी होते आणि धाकटा कामाला लागतो. थोरल्यानं दुपारी सहज एक वाक्य लिहायचं आणि धाकट्यानं त्यापायी सहा महिने घालवायचे. थोरल्या भावाचं घरातलं स्थान दोन्ही खंडांत सारखंच दिसतं.

आता मांजरांचं प्रकरण. डिसेंबर २०१५ च्या आवृत्तीत टार्ननं किल्ल्यात गुत्ते आणले. बुटके जमतील, पितील, गातील, एवढाच साधा विचार. लवकरच खेळाडूंच्या तक्रारी यायला लागल्या की आमच्या गुत्त्यात मांजरं मरून पडताहेत, आजूबाजूला उलट्या. मारामारी नाही, रोग नाही, विषप्रयोग नाही. गणिताचे डॉक्टर तपासाला बसले.

निघालं ते असं. बुटके पिताना पेले हिंदकळत, बिअर जमिनीवर सांडे. मांजर त्यातून चालत जाई, बिअर पायाच्या तळव्यांना लागे. इथपर्यंत कोणाचीच चूक नाही. पण मांजर स्वतःला चाटून स्वच्छ करते, हे टार्ननं गेमला शिकवून ठेवलेलं होतं. म्हणून मांजर बसून पाय चाटी. चाटलेला पदार्थ पोटात जातो, हेही शिकवलेलं होतं. पण किती जातो? इथे एक आकडा चुकला होता : पंजावरचा ओलावा चाटला तरी गेम एक पूर्ण पेला रिचवल्याची नोंद करी. त्यात दारू किती चढावी हे शरीराच्या आकारावर ठरतं, हा हिशोब मात्र अगदी बरोबर लिहिलेला. बुटक्याला एक पेला म्हणजे सुरुवात. मांजरीला एक पेला म्हणजे शेवट. चार पंजे म्हणजे तर वरातच. एका चुकीच्या आकड्यानं आणि पाच अचूक नियमांनी मिळून शेकडो निष्पाप मांजरं मारली. आमच्या सोसायटीच्या हिशोबात नेमकं उलटं असतं, पाच चुकीचे आकडे आणि एक अचूक नियम, तरी अजून कोणी दगावलेलं नाही.

मला या प्रकरणातली चूक आवडत नाही, चुकीची जात आवडते. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेममध्ये मांजर दारू पिऊन मरणं शक्यच नाही, कारण तिथे मांजर म्हणजे एक चित्र असतं आणि बिअर म्हणजे दुसरं चित्र. दोघांची ओळखच नसते. इथे पापणीपासून पंजापर्यंत सगळं एकमेकांना चिकटलेलं, एकत्र कुटुंबासारखं. स्वयंपाकघरात कोणी शिंकलं की माजघरात भांडण.

असेच एकदा मासे बिघडले होते. सुरुवातीच्या आवृत्त्यांत कष्टानं ताकद वाढे, आणि पोहणं हा कष्टच. कार्प जातीचे मासे जन्मभर पोहतात, त्यांना दुसरं कामच नाही. परिणाम असा की नदीतला प्रत्येक मासा तालमीतून आलेला. नदीकाठी पाणी भरायला गेलेले बुटके परत येईनात. मासे आपल्या हातून जरा जास्तच दणकट झाले, असं टार्ननं नंतर कबूल केलं.

आणखी गंमत म्हणजे मांजर कोणाला पाळता येत नाही. कुत्रा नेमून देता येतो, पण मांजर स्वतः मालक निवडते आणि मालकाला ते मान्य करावं लागतं. हा नियम लिहिणाऱ्याच्या घरी मांजर होती हे वेगळं सांगायला नको. शिवाय किल्ला जरा भरभराटीला आला की महापौर निवडला जातो आणि तो फर्मानं काढतो : मला अमुक वस्तू तीन पाहिजेत, तमुक वस्तू बाहेर विकायला बंदी. का, ते विचारायचं नाही. वेळेत झालं नाही तर कोणातरी बुटक्याला कोठडी. याला पुरावा म्हणून मी आमच्या सोसायटीचं गेल्या महिन्याचं परिपत्रक जोडू शकतो.

यात जिंकणं नाही. किल्ला पुरात, आगीत, उपासमारीत किंवा नुसत्या नाराजीत बुडतो. एक बुटका चिडून दुसऱ्याला मारतो, त्याचा मित्र चिडतो, पंधरवड्यात गाव साफ. खेळाडूंचं ब्रीदच आहे की हरण्यात मजा आहे. काही जणांनी एकच किल्ला आळीपाळीनं, प्रत्येकी एक वर्ष, असा चालवला आणि त्याची बखर लिहिली. त्या किल्ल्याचं नाव बोटमर्डर्ड. हत्ती, आग, लाव्हा आणि आधीच्या कारभाऱ्यानं कोणती कळ कशासाठी ठेवली होती ते न कळल्यानं झालेला गोंधळ. आघाडी सरकारं याहून वेगळी चालत नसावीत.

आवृत्तीचा क्रमांकही बघण्यासारखा. बाकीचे लोक पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती असं मोजतात. हे शून्यातून मोजत आले : ०.२१, ०.३१, ०.४७. ठरवलेल्या कामांपैकी साधारण किती टक्के झाली त्याचा तो आकडा. म्हणजे वीस वर्षांत पन्नास टक्केही नाही, आणि हे ते स्वतःच दारावर लिहून ठेवतात. माझ्या ओटेवाल्यानं दोनच महिन्यांत नव्वद टक्के गाठले होते. उरलेले दहा सोळा महिने चालले.

या फ्लॅटमधल्या कारभाराचा बाहेर मात्र भलताच बोलबाला झाला. मार्कुस पेर्सन नावाच्या स्वीडिश माणसानं ड्वार्फ फोर्ट्रेसपासून स्फूर्ती घेतल्याचं सांगितलं; त्याचा गेम माइनक्राफ्ट. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो कंपनीसकट अडीच अब्ज डॉलरला घेतला. त्याआधी, २०१२ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं, मोमानं, पहिल्यांदाच चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. पॅकमॅन, टेट्रिस, आणि त्यांच्या पंगतीत आमचा स्वल्पविरामांचा किल्ला. ज्याला चित्रं नाहीत म्हणून लोक उघडून बंद करत, तो चित्रांच्या संग्रहालयात जाऊन बसला. भावांचा दिनक्रम तोच राहिला. टार्न रात्री जागून कोड लिहायचा, दिवसा झोपायचा. कोड वाढत वाढत सात लाख ओळींवर गेला, आणि बदलांची नोंद ठेवणारी जी साधनं आजकाल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा वापरतात, ती त्यानं वर्षानुवर्षं वापरलीच नाहीत. हे वाचून पुण्यातल्या एका आयटी कंपनीत असलेल्या माझ्या मेहुण्यानं दोन मिनिटं मौन पाळलं.

मग झॅकला त्वचेचा कर्करोग झाला. वेळेवर उपचार झाले, तो बरा झाला. बायकोच्या नोकरीमुळे त्याला विमा होता. हेच दुखणं आपल्याला झालं असतं तर सगळं होतं नव्हतं ते गेलं असतं, असा हिशोब टार्ननं मांडला, आणि बानाख अवकाशात रमणाऱ्या माणसाला पहिल्यांदा साधी बेरीज करावी लागली. मार्च २०१९ मध्ये भावांनी जाहीर केलं की चित्रं असलेली आवृत्ती विकत देऊ, मॉन्ट्रियलच्या किटफॉक्स गेम्समार्फत, स्टीम या ऑनलाइन दुकानात. चित्रं काढायला घेतले ते वर्षानुवर्षं स्वतःच्या हौसेनं या गेमला चित्रांची पुटं चढवणारे चाहतेच. जुनी, अक्षरांची आवृत्ती फुकट ती फुकटच राहणार होती.

दुकानात प्रत्येक गेमला प्रकाशनाची अपेक्षित तारीख लिहावी लागते. यांनी त्या जागी लिहिलं, काळ हा व्यक्तिसापेक्ष असतो. मी हे वाक्य कागदावर लिहून ओट्यावरच्या टाइल्सना चिकटवणार होतो. बायकोनं चिकटपट्टी लपवली.

पावणेचार वर्षांनी, ६ डिसेंबर २०२२ ला, गेम आला. किंमत तीस डॉलर. किटफॉक्सच्या लोकांनी अंदाज बांधला होता की दोन महिन्यांत एक लाख साठ हजार प्रती खपतील. तेवढ्या चोवीस तासांच्या आत खपल्या. वीस वर्षांच्या त्यांच्या इतिहासात दोन महिन्यांचं काम वेळेआधी झाल्याची ही पहिलीच घटना, आणि तीही त्यांनी केलेली नाही, गिऱ्हाइकांनी केली. पुढच्या जानेवारी महिन्याची मिळकत टार्ननं नेहमीप्रमाणे जाहीर केली. पूर्वी तिथे काही हजार डॉलरचा आकडा असायचा. या वेळी बहात्तर लाख डॉलर होते, वर सुट्ट्या सेंटांसकट. क्रेयॉनच्या चित्रांचा हिशोब ठेवायची सवय अशी जात नाही. आवृत्तीच्या क्रमांकातलं ‘शून्य टिंब’ही याच सुमारास गळून पडलं : ०.४७ नंतर एकदम ५०. काम वाढलं नाही, टिंब गेलं. पण पन्नास म्हणजे अर्धंच, हे त्यांनी लपवलेलं नाही. पुढची कामं चालू आहेत.

मीही ती चित्रांची आवृत्ती घेतली. बायकोला आता मांजर मांजरीसारखी दिसते, त्यामुळे तिची तक्रार कमी झाली आहे. माझे पहिले दोन किल्ले बुडाले. दोन्ही वेळा मी ओढ्याखाली खणत होतो. तिसरा बरा चाललाय. परवा बुटक्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंती घालायला मी गवंड्याला लावलं. अर्ध्या भिंतीवर त्याला झटका आला. या गेममध्ये कारागिरांना असे झटके येतात : तो हातातलं काम टाकून एका कार्यशाळेचा ताबा घेतो, कोणाशी बोलत नाही, विशिष्ट दगड आणि हाडं मागतो, आणि ती मिळाली नाहीत तर वेडा होतो. मी सगळं आणून दिलं. तिकडे उघड्यावर अळंबी सडत होती, दारू संपत आली होती, महापौरांना तीन पेट्या हव्या होत्या. बऱ्याच दिवसांनी गवंडी बाहेर आला. त्यानं एक दगडी दार घडवलं होतं, अप्रतिम, रत्नं जडवलेलं, आणि त्यावर मांजरीचं चित्र कोरलेलं होतं.

स्वयंपाकघराला ते बसत नाही. बायको मागून बघत होती. ती म्हणाली, “निदान यानं काहीतरी करून तरी दाखवलं,” आणि कुकर लावायला गेली.